गार इंजिन

डॉक्टरांची पंधरा वर्षांची गाडी रोज सकाळी सुरू करताच थरथरायची, गचके द्यायची. तीन गॅरेजवाल्यांनी दुपारी बघून सांगितलं, "काही दोष नाही, तुम्हाला भास होतो." चौथ्या मेकॅनिकने ती रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी डॉक्टरांसमोरच चालू केली. गाडी थंडीताप भरल्यासारखी हलली.

"सेन्सर बिघडलाय. इंजिन गार असलं तरी गरम आहे म्हणून सांगतो, मग पेट्रोल कमी पडतं. एकदा तापली की ही बया शहाण्यासारखी चालते. दुपारी काय सापडणार?"

"तुम्ही एकट्यानेच माझं खरं मानलंत हो!"

मेकॅनिकने बॉनेट आपटलं. "माझ्या बायकोची बोटं सकाळी वळत नाहीत, डॉक्टरसाहेब. स्वतःची वेणी घालता येत नाही तिला. तुम्ही तिला दुपारी बाराला तपासलंत आणि म्हणालात, मनाचे खेळ आहेत. आणि मी गाढव, वर्षभर तिलाच नाटकी म्हणत राहिलो."

डॉक्टरांना ती आठवली की नाही, कोण जाणे. पण त्यांचा आवाज उतरला.

"किती वाजता उठतात त्या?"

"पाचला."

"उद्या पाचला घरी येतो. तोवर त्यांना गरम पाण्यात हात घालू देऊ नका."