निर्मात्याचं पान

केज गावात इंटरनेट नुकतं आलं होतं. शिवकन्यानं राबून वधू-वर केंद्राची वेबसाइट उभी केली आणि मालक अमरनाथनं 'निर्माता' या पानावर तिचं नाव खोडून स्वतःचं टाकलं. शिवाय वेबसाइटच्या पानांच्या यादीत स्थळांची ओळ तळाला बघून तो डाफरला, "गिऱ्हाईक पयलं! ती ओळ वर घे."

"मालक, कॉम्प्युटर वरून वाचत येतो. ती ओळ कुठल्याबी नावाचं स्थळ हुडकती; वर घेतली तर 'निर्माता'लाबी स्थळच समजंल."

"सांगतो तेवढं कर!"

तिनं ओळ वर घेतली आणि 'निर्माता' या नावानं एक नवं स्थळ भरून ठेवलं.

उद्घाटनाला अमरनाथचे सासरे ईश्वरप्पांनी भर सभेत कौतुकानं 'निर्माता'वर बटण दाबलं. पडद्यावर जावयाचा हसरा फोटो उघडला.



खाली लिहिलं होतं: "बिजवर. पहिली सोडणार आहे. या खेपेला बाप नसलेलीच मुलगी पाहिजे."