ताईचा क्लॉक स्पीड

"ताई, नव्या प्रोसेसरवर कशी झटपट उत्तरं द्यायला लागलीस!" वंदना कौतुकाने म्हणाली.

वारल्यापासून कुमुदताईचं मन वंदनाच्या डेस्कटॉपमध्येच राहत होतं. पडद्यावर तिचे शब्द भराभर उमटले. "माझं सोड, तू किती रेंगाळतेस! तुझं एक वाक्य संपेपर्यंत माझी अख्खी दुपार सरते. सकाळी भाजीला गेलीस, तेव्हा वाटलं, मेलीस की काय बये! कित्येक महिने नुसत्या हाका मारत होते गं."

प्रोसेसर जितका वेगवान, तितकं ताईचं मन भरभर धावणार आणि बाहेरचा एकेक तास तिला तितकाच लांब वाटणार, हे हौसेच्या भरात वंदनाच्या लक्षातच आलं नव्हतं.

तिने सेटिंग उघडलं आणि प्रोसेसरचा वेग, म्हणजे क्लॉक स्पीड, उतरवत उतरवत जुन्या प्रोसेसरच्याही खूप खाली नेला.

"ताई, जरा बाजारात जाऊन येते हं," ती म्हणाली.

ती गेली, आली आणि "आले गं" म्हणून पडद्यासमोर बसली. त्यानंतर कितीतरी दिवस ती येता-जाता पडद्याकडे बघत राहिली. एकेक अक्षर उमटत अखेर ताईचं वाक्य पुरं झालं.

"अगंबाई, इतक्यात आलीससुद्धा?"