एकाच खात्यात

फोन पुन्हा वाजला तेव्हा नेत्रा आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होती. स्क्रीनवर कालचीच सूचना होती. जागा भरत आली आहे, लवकरच बॅकअप थांबेल.

“आई, किती फोटो काढतेस गं? सगळी जागा तूच खाल्लीस.”

“मी?” गोदूने तव्यावरची भाकरी उलटली. “माझ्या फोनातलं तुझ्या फोनात कसं भरंल?”

“दोन्ही फोनांना खातं एकच आहे. माझंच टाकलंय ना मी. तू रात्री फोन चार्जिंगला लावलास की फोटो आपोआप वर जातात. उद्या फोन खाडीत पडला तरी फोटो शाबूत.”

“वर म्हंजे कुठं?”

“एक मोठं कपाट आहे समज. दोघींचं एकच.”

“मंग माझं फोटो तुला दिसतात व्हय?”

“दिसतात ना,” नेत्रा म्हणाली आणि सूचना बोटाने बाजूला सारली.

गोदूने नेत्राकडे नीट बघितलं. “मंग बरं,” ती म्हणाली आणि भाकरी नेत्राच्या ताटात टाकली.

दोन दिवाळ्यांपूर्वी नेत्राने आईसाठी तो फोन आणला होता. आईला ईमेल कुठला असणार? तिने आपलंच खातं टाकून दिलं. पहिले काही दिवस ती आईचे फोटो बघून हसायची. विहिरीवरचा कावळा, वाळत घातलेलं सुकट, अर्ध्या चौकटीत अंगठा. मग ते तिच्या ऑफिसच्या फोटोंत मिसळू लागले. तेव्हापासून ती फक्त स्वतःच्या कॅमेऱ्याचा फोल्डर उघडायची.

“सुजितराव बरं हायत ना?” गोदूने विचारलं.

“बरे आहेत. कामात असतात.”

वर्षभर हेच उत्तर. सुजितचं घर सोडून नेत्रा पनवेलला एका खोलीत एकटी राहत होती. प्रत्येक खेपेला ती आज सांगायचंच म्हणून आगरदांड्याला आईकडे उतरायची आणि न सांगता परतीची एसटी धरायची. आज तर आई जास्तच थकलेली दिसत होती. बांगड्या कोपरापर्यंत चढत होत्या. घरातही डोक्यावर पदर.

“पदर कशाला गं घरात?”

“वारा लागतो डोक्याला. तू खा.”

निघताना गोदूने सोड्यांची, वाळवलेल्या कोळंबीची, पुडी बांधून दिली. पूर्वी दोन असायच्या, एक खास जावयाची. आता बऱ्याच खेपा एकच.

“यंदा सोडं कमीच झालं,” गोदू न विचारताच म्हणाली.

एसटीत चढताना नेत्राने मागे पाहिलं. आई फोन दोन्ही हातांनी वर धरून उभी होती.

“आई, पुरे! कपाट भरलं!”

गोदू हसली.

बुधवारी सकाळी शेजारच्या आवडाबाईंचा फोन आला. गोदू झोपेतच गेली होती.

माणसं आली, गेली. “सुटली गो बाय,” आवडाबाई नेत्राला जवळ घेऊन म्हणाल्या. अशा वेळी माणसं म्हणतात तसंच काहीतरी, म्हणून नेत्राने मान हलवली. तिला एका जागी बसवत नव्हतं. ती भांडी घासायची, घासलेली पुन्हा घासायची. आई गेली ती लेक सुखात आहे असं समजून, की काहीतरी ओळखून? एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बाराव्याला हार घालायला आईचा एकही धड फोटो नव्हता.

“तिच्या फोनात बघ,” आवडाबाई म्हणाल्या. “सारखी तर घेऊन बसायची.”

नेत्राने फोन उघडला आणि तिचा हात थबकला. समोर पनवेलची खोली होती. घरमालकाला पाठवायला काढलेली ओल धरलेली भिंत. एकट्याचा पलंग. खिडकीत एक कप. खाली वकिलाच्या ऑफिसची पाटी. तिचे सगळे फोटो, आईच्या फोनात.

“हे... आईने बघितलं?”

“बघितलं म्हंजे? मला दाखवलंन. पोरगी एकटी ऱ्हाते, पन खोली कशी लख्ख ठेवलीय बघ, म्हनली.”

नेत्राने खांबाला पाठ टेकली. म्हणूनच ती एकेकच पुडी. सुजितची चौकशीही, केवळ लेकीला सांगायची वाट मोकळी राहावी म्हणून.

“मग मला विचारलं का नाही तिनं?”

“मी बोलले तिला, इचार. तर म्हनली, तिला बोलायचं आसंल तवा बोलंल. माझंबी समदं तिला दिसतंय की. ती कुठं काय बोलते? येऊन बघून जाते, तेवढं पुरं.” आवडाबाईंनी पदराने डोळे टिपले. “रव्वारी तू गेल्यावर तर लई खूश होती. म्हनली, आवडे, आज तोंडानं इचारलं मी तिला. दिसतात म्हनली.”

“काय दिसतात?”

आवडाबाईंनी बोटाने तिच्या हातातला फोन दाखवला.

नेत्राने अंगठा सरकवला. आपले फोटो सोडून ती या वेळी मधले आईचे थांबून थांबून बघू लागली. अलिबागच्या दवाखान्यातला लांब बाक. हातावर चिकटपट्टीने बसवलेली सुई. उशीवर केसांचा पुंजका. मग खुद्द आई, पदर खांद्यावर, डोकं पूर्ण बोडकं, कोपऱ्यात अर्धा अंगठा, आणि नजर सरळ समोर, कुणीतरी पलीकडून बघतंय अशी. तसेच आणखी, महिन्यामागून महिने. सगळ्यात शेवटी एसटीच्या पायरीवर मागे वळून हसणारी नेत्रा.

“आई,” ती मोठ्याने म्हणाली, “मी एकही बघितला नव्हता गं.”