सोबत त्यांच्या पत्नी

अध्यक्षांनी दोरी ओढली, पडदा बाजूला झाला आणि घाटातल्या जुन्या वळणावर इतिहास समितीची नवी पितळी पाटी उन्हात चमकली. ‘दरड कोसळत असताना याच वळणावरून ड्रायव्हरने प्रवाशांनी भरलेली बस मागे मागे नेत सुखरूप खाली उतरवली,’ असं तिच्यावर लिहिलं होतं. ड्रायव्हर म्हणून नाव होतं ते त्या बसच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या कंडक्टरचं. त्याखाली बारीक अक्षरात: ‘सोबत त्यांच्या पत्नी.’

पत्नी समोरच्याच खुर्चीत बसली होती. बस तिनं चालवली होती. नवऱ्यानं आयुष्यभर तिच्या गाडीत तिकिटं फाडली. पण दोघांपैकी चालवणारं कोण, हे विचारायची तसदी समितीनं घेतली नव्हती. पाटी वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“हार मला नको, तिला घाला,” कंडक्टर म्हणाला. “मला सायकलसुद्धा धड येत नाही.”

“आजोबा, पाटी ओतून झालीय आता,” अध्यक्ष हसले. “तुम्ही काय, आजी काय, नाव घरातच राहिलं ना?”

“घरात ठेवायला ते काय भांडं आहे?” बाई म्हणाली. टाळ्यांच्या आवाजात कुणी ऐकलंच नाही.

कार्यक्रम आटोपून मंडळी बसमध्ये चढली, तेव्हा कुठे एक गोष्ट समितीच्या ध्यानात आली. पुढचा रस्ता त्या दरडीनं कायमचा बंद केला होता आणि या वळणावर बस वळवून घ्यायला जागा नव्हती. पाटी लावण्याजोगं काही घडलं होतं ते तेवढ्यामुळेच. तरी ही शहाणी माणसं ती बघायला भलीमोठी बस घेऊन आली होती. तरुण ड्रायव्हरनं दरीत डोकावून पाहिलं.

“मी नाही बुवा मागे घेणार,” तो म्हणाला आणि खाली उतरून उभा राहिला.

अध्यक्षांचा चेहरा एकदम खुलला. “आजोबा, तुम्हीच घ्या की!”

“घेतली असती,” कंडक्टर म्हणाला, “पाटी खरी असती तर.”

बाई उठली, चष्मा पुसला आणि ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसली. मंडळी घाईघाईनं दाराकडे सरकली.

“कुणी उतरायचं नाही!” ती कडाडली. “रिकामी नेली तर उद्या म्हणाल, ओझं नव्हतं म्हणून जमलं.”

सगळे परत जागेवर बसले. कंडक्टर मागच्या दारात उभा राहिला. “येऊ दे... येऊ दे... जरा डोंगराकडं... येऊ दे!”

बस मागे सरकू लागली. एका जागी चाक कठड्याला लागून गेलं आणि अध्यक्षांनी पुढच्या सीटला मिठी मारून डोळे मिटून घेतले. बाईची नजर आरशावर होती. खरं सांगायचं तर ती मजेत होती. इतकी मजा तिला कित्येक वर्षांत आली नव्हती.

खाली मोकळ्या जागेत बस थांबली आणि आत नुसता कल्ला झाला. माणसं टाळ्या पिटत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती.

अध्यक्ष उतरले आणि ड्रायव्हरच्या खिडकीखाली येऊन उभे राहिले.

“बाई, पाटी बदलतो. तुमचं पूर्ण नाव सांगा.”

तिनं खिडकीतून मान बाहेर काढली आणि नाव असं दणदणीत सांगितलं, की वरच्या वळणावरच्या कड्यानं ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं.