मास्तरांचा पाय

"हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच सावकाश सोडा," गॅरेजवाली खिडकीत वाकून म्हणाली.

नर्सबाईंनी तसं केलं. क्लच धड असता तर गाडी गचका खाऊन बंदच पडली असती. ही नुसती गुरगुरत राहिली आणि करपल्याचा वास सुटला.

"क्लच घसरतोय," गॅरेजवाली म्हणाली.

"घसरणारच!" शेजारच्या सीटवरून मास्तर कडाडले. याच एका गाडीवर ते सव्वीस वर्षं लोकांना ड्रायव्हिंग शिकवत होते. "शिकायला येतात आणि क्लचवर पाय ठेवून झोपतात. माझ्या गाडीची पार वाट लावली."

नर्सबाई ओशाळल्या. उद्या त्यांची लायसन्सची परीक्षा होती, तिसऱ्यांदा. आधीच्या दोन्ही वेळा गाडी चढावर बंद पडली होती. लांबच्या वस्त्यांवरच्या बाळंतिणींकडे जायला आरोग्य केंद्र त्यांना गाडी देणार होतं, पण उद्या लायसन्स मिळालं तरच. नाहीतर गाडी दुसरीकडे जाणार होती.

गॅरेजवालीने टॉर्च घेऊन आधी नर्सबाईंच्या पायाशी डोकं घातलं, मग मास्तरांच्या. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. तिथे ती बराच वेळ थांबली.

"मास्तर, जरा खाली बघा."

नर्सबाईंच्या पेडलवरच्या रबराच्या रेघा अजून शाबूत होत्या. मास्तरांच्या क्लचवरचं रबर झिजून आतलं लोखंड उघडं पडलं होतं, आणि तेही गुळगुळीत.

"आता सांगा, क्लच कोणी जाळला?"

"अगं, गाडी बंद पडू नये म्हणून मी जरासा टेकवतो."

"जरासा?" गॅरेजवालीने फडक्याला हात पुसले. "मीही याच गाडीत शिकले. तुम्ही शेजारी असताना चढावर एकदाही बंद पडली नाही. परीक्षेला साहेब तुमच्या जागी बसले आणि पहिल्याच चढाला फुस्स! मला वाटलं, मीच कच्ची."

नर्सबाईंनी हळूच मास्तरांकडे पाहिलं. "म्हणजे माझंही तेच?"

मास्तरांनी पुन्हा त्या गुळगुळीत लोखंडाकडे पाहिलं. नापास होऊन आलेल्या प्रत्येकाला ते 'नाचता येईना अंगण वाकडं' ऐकवत आले होते. आज अंगण खरंच वाकडं निघालं, आणि ते त्यांनीच वाकडं करून ठेवलेलं होतं.

"तोंड पाडू नका हो," गॅरेजवाली म्हणाली. "घरात मला कोणी सायकलसुद्धा देत नव्हतं. तुमचा पाय आहे, या भरवशावर मी स्टिअरिंग धरलं. नाहीतर मी कसलं गॅरेज चालवतेय!"

तिने नट सैल करून दोन्ही पेडलना बोटभर ढील दिली, म्हणजे क्लच पुरता पकडेल. प्लेट झिजली होती, पण उद्यापुरती चालेल म्हणाली. फक्त मास्तरांनी पाय लांब ठेवायचा.

गॅरेजच्या फाटकातून रस्त्यावर जायलाच चढ होता. नर्सबाईंनी क्लच भसकन सोडला. गाडी बंद. त्यांनी हँडब्रेक ओढून ती पुन्हा सुरू केली, आणि मास्तरांचा पाय आपसूक पुढे सरकला.

"मास्तर, पाय!" मागून गॅरेजवाली ओरडली.

मास्तरांनी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घातली. गुडघा दाराला टेकला. जीव मुठीत धरून ते समोर बघत राहिले.

नर्सबाईंनी क्लच हळूहळू वर आणला. इंजिनाचा आवाज जड झाला, गाडीचं नाक किंचित उचललं गेलं. पाय तिथेच रोखून त्यांनी हँडब्रेक सोडला. गाडी चढली, अगदी वरपर्यंत.

"मास्तर, क्लच कुठे पकडतो ते मला आज कळलं!" नर्सबाई जवळजवळ ओरडल्याच.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. फाटकात गॅरेजवाली कमरेवर हात ठेवून हसत उभी होती. शिकवलेल्या पोरीने आपल्याला तोंडावर सुनावलं, आणि त्यात कुठे बोचरेपणा म्हणून नव्हता.  चूक दाखवून द्यायचे असे उपकार कोण करतं?

"आता पाय खाली सोडा, मास्तर," नर्सबाई म्हणाल्या. "पुढे सपाट रस्ता आहे."

"राहू दे," मास्तर म्हणाले. "तुम्ही चालवा."