पहिला अर्धा तास

"कर सही, आचल," बंडूजी म्हणाला. "पोलंडले जाणारी समुद्रपूरची पैली पोरगी तू."

आचलनं पेन उचललं आणि रत्नदीपकडे पाहिलं. "सर, हरवीन ना मी तिले?"

रत्नदीप कराराचा कागद वाचत होता. मागदा. वय बावीस. व्यावसायिक बॉक्सर. अकरा लढती, अकरा विजय. बारावी लढत आचलशी, मागदाच्याच शहरात. खाली हरलेल्या अकराजणींची नावं. सगळ्या दूरदूरच्या, आपल्यासारख्याच मुलखातून आणलेल्या.

अशी कारकीर्द कशी बांधतात, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तसल्या नऊ कारकिर्दींच्या पायात तो स्वतः गाडलेला होता. नऊ वेळा परदेशात गेला, नऊ वेळा सांगितलेल्या फेरीत पडला. नेणारा दलाल हाच बंडूजी.

गावाला यातलं काही ठाऊक नव्हतं. पहिल्यांदा मार खाऊन परतला तेव्हा एसटी स्टँडवर बँड उभा होता. निकाल एकानंही विचारला नाही. विमानातून आलेला माणूस हरून कसा येईल? कपाळाला गुलाल लागला आणि त्याचं तोंड कायमचं बंद झालं. मग पाटी लागली, आंतरराष्ट्रीय बॉक्सर. टिनाच्या शेडात क्लास सुरू झाला.

आता डाव्या कानात दिवसभर शिट्टी वाजते. शर्टाची बटणं बायको लावून देते.

म्हणूनच तो पोरींना आधी ठोसा शिकवत नसे. रोज पहिला अर्धा तास फक्त पडायचं. हनुवटी छातीला, डोकं जमिनीला लागू द्यायचं नाही. दुसरा कुठलाच मास्तर हे शिकवत नाही, असं तो छाती काढून सांगायचा.

"पेन ठेव, आचल," तो म्हणाला. "तुले लढाले नाई नेऊन राह्यले. पडाले नेऊन राह्यले. मी बी नऊ डाव पडालेच गेलतो."

आचलचा बाप हिरालाल ताडकन उठला. जाम गावच्या चौकात त्याचं हॉटेल. पोरीचा फ्लेक्स त्यानं कालच छापायला टाकला होता.

"वा मास्तर! सोता नऊ डाव विमानात बसले, अन् मायी पोरगी निघाली तं तुमच्या पोटात काऊन दुखून राह्यलं?"

रत्नदीपनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो बंडूजीसमोर जाऊन उभा राहिला. आयुष्यात पहिल्यांदा.

"दुसरी पाहा बंडूजी. तुमाले पाह्यजे तशी नाई हे. वाघीण आहे. सहा वर्षं घडवली मी तिले."

"तेच तं!" बंडूजी मनापासून हसला. "तुमच्यावानी मास्तर नाई कुठं. त्या लोकायनं तुमचाच व्हिडिओ पाहून पसंत केली तिले."

त्यानं मोबाइल पुढे धरला. व्हिडिओ रत्नदीपनंच मागच्या महिन्यात कौतुकानं टाकला होता. त्यात आचल ठोसा खात होती, पडत होती. उठत होती, पुन्हा पडत होती. हनुवटी छातीला, अंगावर ओरखडा नाही.

आचलच्या हातात पेन तसंच होतं. ती टक लावून पाहत होती. मोबाइलमधून तिच्या सरांचा आवाज येत होता.

"शाब्बास पोरी! मस्त पडली. आता अजून एकदा."