उंदरांना विहीण नसते

"मधुमेह आता इतिहासजमा झाला," मुलाच्या लग्नाच्या पंगतीत संशोधक डॉ. टिळेकर गरजले आणि पँटचा पट्टा सैल करून बसले. हल्ली पानात मिठाशेजारी त्यांचीच गोळी वाढत. साखर पचवणाऱ्या एन्झाइमची जागा ती अडवून बसे. साखरेला शिरकावच नसे.

"मग घाबरता कशाला, व्याहीबुवा? की शोध खोटा?" पानावर आडवा धरलेला त्यांचा हात सारून विहीणबाईंनी पुन्हा जिलब्या वाढल्या.

स्वतः मधुमेही टिळेकर नाही कसे म्हणणार? सत्ताविसाव्या जिलबीला साखरेच्या गर्दीने गोळीला जागेवरून उठवले. प्रयोगशाळेतल्या उंदरांना कुणी आग्रह केला नव्हता. मनगटावरच्या मीटरने तीनशे चाळीस दाखवले.

टिळेकर बायकोकडे झुकले. "अगं, माझी जुनी गोळी पर्समध्ये असेल तर दे. हळूच."